त्रिकोणातलं टिंब

नव्वदच्या दशकात मी बिबवेवाडीतल्या एका छोट्या अक्षरजुळणी केंद्रात काम करत होते. संगणकाची खोली पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. धूळ आत येऊ नये म्हणून खिडकी कायमची बंद केलेली. गणिताची पुस्तकं जुळवायला मी एकटीच शिकले होते, त्यामुळे त्या खोलीत माझ्या जागी बसायला दुसरं कोणी नव्हतं.

त्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांचं पुस्तक आलं. त्यांनी स्वतः एक चिन्ह योजलं होतं: त्रिकोण आणि त्याच्या पोटात टिंब. आमच्या प्रोग्राममध्ये तसं चिन्ह नव्हतं. मी त्रिकोणावर टिंब चढवलं, अंतर बसवलं आणि त्या जोडीला एक छोटं नाव दिलं. मजकुरात ते नाव टाइप केलं की छापताना तिथे चिन्ह उमटायचं. चिन्ह कसं दिसावं हे फाइलच्या सुरुवातीला एकदाच लिहायचं. काम नीट झालं, म्हणून सरांना बोलावून दाखवलं. वरच्या ओळीतला एक आकडा बदलला आणि पुस्तकभर टिंब हललं.

दाखवायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून सर रोज येऊ लागले. टिंब जरा वर. त्रिकोण किंचित रुंद. आता टिंब बारीक दिसतंय. त्रिकोण रुंद केला की ओळी तुटायच्या, समीकरणं पुढच्या पानावर जायची आणि सगळी प्रुफं पुन्हा तपासावी लागायची. माझ्या कामाच्या वहीत ‘शेवटचं प्रूफ’ ही ओळ मी रोज नव्या पानावर उतरवत होते.

त्यातच लोणी काळभोरच्या एका कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. हजर होताना कार्यमुक्तीचं पत्र हवं होतं. मालक म्हणाले, पत्र जरूर देतो, पण सरांची प्रुफावर सही झाल्यावर; तुम्ही मध्येच गेलात तर हे कोण पुरं करणार? त्यांचंही चुकत नव्हतं. कॉलेजकडून एकदा मुदत वाढवून घेतली. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा तिथल्या कारकुनांनी शांतपणे सांगितलं, की तुमच्या खाली यादीत आणखी एक नाव आहे.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी सर आले. भिंग घेऊन पानन् पान पाहिलं. मी त्यांच्यापुढे पेन ठेवलं.

“बाई, टिंब केसभर खाली घ्या,” ते म्हणाले. “पहिल्यांदा होतं तसं.”

“सर, आता ते हलत नाही.”

हे खोटं होतं आणि ते त्यांना कळणार होतं. हलतं कसं, ते मीच दाखवलं होतं.

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग पेनाचं टोपण काढलं.

“दोन महिन्यांपूर्वी बिघडलं असतं तर तुमचाही वेळ वाचला असता,” असं म्हणून त्यांनी सही केली.

मालकांनी पत्र मलाच टाइप करून आणायला सांगितलं. जिन्यावर सरांची पावलं अजून ऐकू येत होती. एक पायरी, मग थांबणं. हाक मारून ‘थांबा, घेते खाली’ म्हणावं, असं एकदा वाटलं. मी प्रिंटरमध्ये कोरा कागद घातला.