लॉनला श्वास घेऊ द्या!

लॉनला श्वास घेता येत नाही, हे मला इंटरनेटवरून कळलं. तोवर मी त्याला नुसतं वाळलेलं समजत होतो.

माझी विम्याची नोकरी बदलीची. जयपूरला वैशाली नगरात आम्हाला तळमजल्याचं घर मिळालं. घरमालक माथुरजी वरच्या मजल्यावर राहतात. उन्हाळ्यात मुलाकडे बंगळुरूला जाताना त्यांनी वरच्या किल्ल्या सहज हातात ठेवल्या, लॉन मात्र हात जोडून सोपवलं.

"जोशीजी, इसे अपना बच्चा समझिएगा!"

मी समजलो. म्हणजे, सकाळी ऑफिसला जायचं आणि बाकी सगळं बायकोवर सोडायचं! त्यात मी आणि माझी कन्या इरा तिथे रोज बॅडमिंटन खेळायचो. लॉनला जागोजागी टक्कल पडलं आणि उरलेल्या जागेत तण माजलं.

आणि माथुरजींचा फोन आला. "संडे शाम को पहुँच रहे हैं. नया एग्रीमेंट भी कर लेंगे!"

माझी बायको सुनंदा लॉनकडे बघत म्हणाली, "लॉन बघून त्यांनी घर खाली करायला सांगितलं तर? मी आता पुन्हा सामान बांधणार नाही हं!"

"मी आहे ना!" मी म्हणालो. (हे वाक्य ऐकलं की सुनंदा जास्तच घाबरते.)

रविवारी सकाळी मी तण उपटायला बसलो. एक गवत उंच, हिरवंगार, तुकतुकीत. दुसरं जमिनीला चिकटलेलं, मरगळलेलं. कुठलं ठेवायचं हे काय सांगायला हवं?

"अहो, ती दूर्वा आहे. गणपतीला वाहतो ती."

"मग लॉनमध्ये तिचं काय काम? लॉन आहे, देवघर नाही!"

दोन तासांत मी मरगळलेला सगळा माल उपटून फाटकाबाहेर टाकला. एक गाय लगेच आली आणि मन लावून खाऊ लागली. परिसराची स्वच्छताही झाली!

आता श्वास. व्हिडिओतला माणूस खिळ्यांचे बूट घालून चालत होता, मातीला भोकं पडत होती, हवा आत जात होती. मी दोन फळ्यांमधून लांब खिळे आरपार ठोकले आणि त्या सुतळीनं बुटांना करकचून बांधल्या. माती दगडासारखी होती, म्हणून आधी पाइप सोडून तिचा चिखल केला. व्हिडिओत हे नव्हतं. ही माझी स्वतःची भर.

पहिली काही पावलं झकास पडली. लॉनच्या मधोमध पोचलो आणि उजवा पाय निघेना. जोर लावला, तर डावा आणखी रुतला.

"पप्पा, तुम्ही मतलब... फसून गेले का?" इरानं विचारलं. तिचं मराठी जयपुरी आहे, पण निरीक्षण अचूक.

"बूट काढा ना!" सुनंदा ओरडली.

"सुतळी भिजली! गाठ सुटेना!"

ती कात्री आणायला धावली आणि तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. संध्याकाळी येणारे माथुरजी दुपारीच हजर! मी जागच्या जागी हात जोडले. दुसरं काही हलवण्यासारखं नव्हतंच.

माथुरजींनी मला नखशिखान्त पाहिलं. मग लॉनकडे. "ये क्या लगाया है?"

"आपका लॉन! सिर्फ खरपतवार निकाला है." तणाला खरपतवार म्हणतात, एवढं हिंदी मला येतं.

"अरे भाईसाहब, ये तो मोथा है! खरपतवार तो यही है! मेरी दूब कहाँ गई?"

दूब म्हणजे आपली दूर्वा. आम्ही सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. गायीनं शेवटची काडी तोंडात घेतली.

माथुरजी मटकन पायरीवर बसले. मला वाटलं, झालं, बांधा सामान! पण सुनंदा कात्री घेऊन माझ्या पायाशी वाकली, सुतळी तुटली, मी बुटांतून उपसून निघालो आणि मोज्यांनिशी थेट चिखलात बसलो. त्यासरशी माथुरजींना जे हसू फुटलं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबेना.

एग्रीमेंट झालं. त्यात एक कलम जास्तीचं आहे: लॉन भाभीजी सांभाळतील, जोशीजी लॉनवर पाय ठेवणार नाहीत.

आज आमची दूर्वा अख्ख्या गल्लीत उठून दिसते. येणारेजाणारे थांबून विचारतात, "कसं जमवलंत हो?"

"मी काहीच केलं नाही," मी म्हणतो. लोकांना तो माझा विनय वाटतो!