धाकट्या सुनेला बेटम्याला धाडलं

काकू सुनेची बॅग गाडीत ठेवत होत्या. लालबागजवळच्या त्यांच्या बंगल्यात मी घरकामाला होते. धाकटी सून तीन महिन्यांची पोटुशी. मीही तेवढीच. ती माहेरी बेटम्याला निघाली होती, कारण काकूंच्या थोरल्या मुलाच्या पोराला ताप होता, अंगभर बारीक गुलाबी पुरळ.

मी दारातच थांबले. म्हटलं, "काकू, मीपण पोटुशी आहे ना."

त्या हसल्या. "अगं, तुम्हा लोकांना काही होत नाही. मजबूत जात तुमची. चल, त्याचं अंग पुसून दे."

जात. नेमका हाच शब्द.

काम सुटेल म्हणून आत गेले. आठ दिवस त्या पोराला पुसलं, भरवलं, मांडीवर निजवलं. काकू औषध दारातून सरकवायच्या.

दोन-तीन हफ्त्यांनी मला कणकण आली. मानेवर पुरळ उठलं, गेलं. नवरा म्हणाला, "गर्मी आहे, उतरून जाईल."

मुलगी झाली. दोन्ही बुबुळांत सफेदी. शेजारी ताटली पडली तरी दचकेना. सरकारी अस्पतालात डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं. विचारलं, "पोटात असताना पुरळवाल्या पेशंटजवळ होतीस?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "रुबेला. पोरांना साधा ताप येऊन जातो. पोटातल्या बाळाला फार महाग पडतो."

हा शब्द मी ऐकला होता. सून निघाली त्या दिवशी काकू फोनवर विहीणबाईंना सांगत होत्या, "डॉक्टर रुबेला म्हणाले. रिस्क नको."

म्हणजे माहीत होतं. एका पोटासाठी गाडी काढली. दुसऱ्या पोटाला आत ढकललं.

सुनेला मुलगा झाला, धडधाकट. मला मालिशला बोलावणं आलं. लेकीला कडेवर घेऊन गेले. काकूंनी जुन्या कपड्यांची पिशवी पुढे केली.

मी हात लावला नाही. "तुम्हाला माहीत होतं. मला का नाही सांगितलं?"

"नशीब असतं गं एकेकाचं."

"नशीब नाही. रुबेला."

सून उठून आत गेली. मी पायऱ्या उतरले, परत चढले नाही.

धाकट्या बहिणीला तिच्या लग्नाआधी रुबेलाची लस टोचून आणली. आता वस्तीतली पोटुशी बाई कामाला निघाली की मी वाट अडवते. घरात कोण आजारी आहे, काय आजार आहे, विचार. सांगत नसतील तर उंबरा ओलांडू नको. काम गेलं तर जाऊ दे.

काकूंनी कॉलनीत सांगून ठेवलंय, हिला ठेवू नका, तोंडाळ आहे.

आहेच. माझ्या लेकीला ऐकू येत नाही. तुम्हाला येतं. ऐकावंच लागेल.