चावीवाले काका

माझा दादा वाहतूक पोलिसात हवालदार आहे आणि चौकात त्याला सगळे चावीवाले काका म्हणतात. हे नाव कौतुकाने पडलं होतं. आता कोणी तशी हाक मारली की तो वळून बघत नाही. लोकांना वाटतं, काकांना हल्ली कमी ऐकू येतं.

दादाची पद्धत होती. कोणी भरदुपारी झिंगून गाडी चालवताना सापडला, की बाकीचे पोलीस त्याच्या तोंडाला मशीन लावायचे. दादा आधी गाडीची चावी काढून घ्यायचा, त्याला सिग्नलच्या खांबाजवळच्या बाकावर बसवायचा, हातात पाण्याची बाटली द्यायचा आणि त्याच्याच मोबाइलवरून त्याच्या घरी फोन लावायचा. "वहिनी, घाबरू नका, मालक धडधाकट आहेत. येऊन चावी घेऊन जा. आणि चप्पल घालून या." कारण सुरुवातीला बायका अनवाणीच धावत यायच्या. बायको आली की चावी तिच्या हातात ठेवायची, नवऱ्याला दोन शब्द सुनावायचे, विषय संपला. केस नाही, लायसन्सला धक्का नाही. बरं, चिरीमिरी म्हणाल तर त्याने कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, म्हणून साहेबही कानाडोळा करायचे.

"तू पोलीस आहेस की घर जोडून देणारी संस्था?" मी चिडवायचे.

"केस केली तर त्याची नोकरी जाईल," दादा म्हणायचा. "मग उपाशी कोण राहणार? चावी न्यायला येते तीच ना?"

 

मग फोटोवाला सापडला. बाजारात त्याचा स्टुडिओ होता, दादाच्या ओळखपत्रावरचा फोटोही त्यानेच काढलेला. बायको आली, चप्पल घालून, केस नीट विंचरून. दादाने दिलेली चावी तिने पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि दोघं मोटरसायकल ढकलत निघाली. पेट्रोल पंपामागचं वळण येईपर्यंत, म्हणजे दादा दिसेनासा होईपर्यंत, त्यांनी ती ढकलली. तिथे तो म्हणाला, "दे." तिने दिली. मागे बसलीसुद्धा. पुढच्या उतारावर गाडी पाण्याच्या टँकरखाली गेली. त्याला खरचटलं. ती जागेवरच गेली. हे सगळं फोटोवाल्यानेच दादाला दवाखान्यात सांगितलं.

दादा साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "त्याला मी सोडलं होतं."

साहेब म्हणाले, "कागदोपत्री तुम्ही त्याला अडवलेलंच नाही. घरी जा, झोप काढा."

दादा घरी आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेला. वहिनी सांगायची, "ताटात वाढलं ते खातात. पण काय खाल्लं विचारलं तर सांगता येत नाही." मी भेटायला गेले की तो बंद टीव्हीसमोर बसलेला असायचा. मी बडबड करायचे, तो मान हलवायचा. एकदाच, मी निघताना, आपणहून बोलला. "चावी हातात दिली की झालं, असं धरून चाललो मी. तिला विचारलंच नाही."

"काय विचारायचं होतं?"

"काही नाही. सावकाश जा."

त्यानंतर चौकात जो सापडेल त्याला मशीन. लोकांनी शिव्या घातल्या. काकांचं डोकं फिरलं म्हणाले. दादाला त्याचं काहीच नव्हतं.

आमचे हे बेकरीची व्हॅन चालवतात. पहाटे पाव पोचवायचे, दुपारी मोकळे. मोकळे झाले की मित्र, आणि मित्र म्हटले की बाटली. मी भांडून थकले होते. खरं सांगायचं तर आता भांडतही नव्हते. एका दुपारी मी दवाखान्यात कामावर होते, पेशंटचे केसपेपर काढून देत होते, तेव्हा दादाचा फोन आला. "चौकात ये," एवढंच म्हणाला. मला कळलं. रागसुद्धा आला नाही.

हे बाकावर बसले होते, हातात पाण्याची बाटली. मोटरसायकल बाजूला. ती बाटली बघून माझ्या जिवात जीव आला. लायसन्स गेलं तर व्हॅन गेली, आणि माझ्या एकटीच्या पगारात घर चालत नाही, हे दादाला ठाऊक होतं. त्याच्या मुठीत चावी होती. मी हात पुढे केला.

"जावईबापूंनी वाटेत मागितली तर देशील?" त्याने विचारलं.

"नाही देणार."

दादा माझ्याकडे बघत राहिला. लहानपणापासून त्याला माझं खोटं ओळखू येतं. मग त्याने चावी खिशात टाकली आणि मशीन घेऊन बाकाकडे गेला. "फुंका," म्हणाला. यांनी माझ्याकडे बघितलं, मी रस्त्याकडे बघितलं. मशीन वाजलं. मी दादाला काहीबाही बोलले, सगळ्या चौकासमोर. तो लिहीत होता.

सगळे सोपस्कार आटपून हे रिक्षाने घरी आले, दिवेलागणीच्या आधी. अजून जीभ जड होती. गाडी ठाण्यातच होती.

"तुझ्या स्कूटरची चावी दे. बेकरीच्या मालकांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच जाऊन सांगतो."

मी भाजी चिरत होते. हात पुसले, उठले, खिळ्यावरची चावी काढली आणि यांच्यासमोर धरली. मनात काहीच नव्हतं. भांडण नको, हेसुद्धा नव्हतं. त्यांची बोटं चावीला लागली तेव्हा मला पर्सची ती चेन आठवली. मी हात मागे घेतला आणि दार ओढून बाहेर पडले. मागून ते ओरडत होते. मी स्कूटर काढली.

दादाची ड्यूटी संपत आली होती. मी स्कूटर बाकाजवळ लावली आणि चावी त्याच्या हातात दिली.

"देत होते मी," मी म्हणाले.

त्याने चावी खिशात ठेवली. मग खाली माझ्या पायांकडे बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज कापला.

"चप्पल कुठंय तुझी?"