माठातलं गोड पाणी

राजापेठेत माझं प्लॉटच्या दलालीचं छोटं ऑफिस आहे. वलगावच्या पुढच्या एका लेआउटमधले प्लॉट विकत होतो, तेव्हा अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातले एक टेलरमास्तर आले. लेकीजवळ राहायला अमरावतीत घर बांधायचं होतं. रस्ता, नाली, लाईट, काहीच विचारलं नाही त्यांनी.

"मले पानी गोड पायजे. खाऱ्या पान्यात डाळ शिजत नाई. बायकोचा जनम चुलीपुढं गेला," एवढंच म्हणाले.

लेआउटच्या बोअरचं पाणी खारं होतं, आणि मला ते ठाऊक होतं. आमच्याकडे पाणी चाखल्याशिवाय गिऱ्हाईक इसाराचं नाव काढत नाही. म्हणून मी घरच्या नळाचं पाणी नेऊन बोअरजवळच्या माठात ओतून ठेवायचो आणि आत्ताच भरलाय म्हणायचो. मास्तर तांब्याभर प्यायले, डोळे मिटून. मला तेव्हा हसू आवरत नव्हतं. आज त्या हसण्याचीच जास्त लाज वाटते.

पुढे एजंटांना परीक्षा सक्तीची झाली. रेरा कायद्याचं पुस्तक घेऊन या वयात बसलो. छापील जाहिरातीत मी कधी सापडलो नसतो. तिथे नुसतं 'मुबलक पाणी' लिहायचो, आणि मुबलक तर ते होतंच. पण पुस्तकात होतं की गिऱ्हाइकाला तोंडी सांगितलेलं खोटंही गुन्ह्यातच धरतात. परीक्षेत नेमका तो प्रश्न आला. बरोबर उत्तरावर खूण केली, पास झालो आणि प्रमाणपत्र खुर्चीच्या मागे टांगलं.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर मेहुण्याला घेऊन ऑफिसात आले. घर बांधून झालं होतं. बायको आता लेकीकडे जाऊन डाळ शिजवून आणते, म्हणाले.

"पानी बदललं, भाऊ. तुमी आपल्या हातानं पाजलं तवा गोड होतं. जमिनीचं काय सांगता येते?"

माझ्याविरुद्ध तक्रार करा, भरपाई मागता येते, हे सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, "हो, बदलते कधी कधी."

मास्तरांनी मान हलवली. मग मेहुण्याकडे हात केला. "याले बी एक प्लॉट दाखवा. दुसऱ्या कोनाचा भरोसा नाई मले."

सध्या एकही शिल्लक नाही, असं मी म्हणालो. टेबलावर लेआउटचा नकाशा पसरलेला होता, अर्ध्याहून जास्त चौकोन कोरे. मास्तरांनी त्याच नकाशाच्या कडेला मेहुण्याचा नंबर लिहिला आणि म्हणाले, "निघाला का पयले आमाले सांगजा."