जाड दोर पुसणारी

मी दोर बांधतो आणि माझी बायको तो पुसते. सिनेमात कुणी छपरावरून उडी मारली की कमरेला दोर असतोच. तो बांधायचं काम माझं. मागाहून कॉम्प्युटरवर तो चित्रातून असा नाहीसा करायचा की तिथे कधी काही नव्हतंच, हे काम हिचं. त्यासाठी शूटिंगच्या आधीच ही येऊन ठरवते, कॅमेरा कुठे, दिवे कुठे, काय खरं घ्यायचं आणि काय नंतर घालायचं. सेटवर तिला सगळे खोडरबर म्हणतात. तिला राग येत नाही, मला येतो. आणि उडी मारणारी कोण, तर माझी धाकटी बहीण. आता सांगा, माझं डोकं थंड राहणार कसं?

त्या सिनेमाचं शूटिंग ॲनामॉर्फिक लेन्सवर होतं. ही लेन्स रुंद दृश्य बाजूंनी दाबून घेते, मग पडद्यावर ते पुन्हा ताणून मोकळं करतात. समोर दिवा आला की चित्रात या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ उमटते. दिग्दर्शकाचा सगळा जीव त्या रेघेत. पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर गाडी, तिचे हेडलाइट कॅमेऱ्याकडे, आणि त्या उजेडासमोरून धाकटी कठड्यावरून खाली, असा त्याचा बेत.

हिनं सकाळीच सांगितलं, "रेघ नेमकी दोरावरून जाणार, आणि सारखी हलणार. तिच्याखालचा जाड दोर मला स्वच्छ पुसता येणार नाही."

"मग बारीक लावा," दिग्दर्शक म्हणाला. "तो येईल ना पुसता?"

"येईल," ही म्हणाली. खोटं बोलणं हिला जमतच नाही, तिथेच सगळा घोळ होतो.

माझं टाळकं सटकलं. "बारीक दोर कठड्याला घासला तर तुटेल. मी बांधणार नाही."

"बहीण तुमची, बायको तुमची. आता शॉटही तुमच्या घरच्यांना विचारून घेऊ का?" तो म्हणाला. सगळे फिदीफिदी हसले. त्यानं लगेच फोन काढून दुसऱ्या दोरवाल्याला बोलावलं.

आणि आमची धाकटी! पट्टे आवळता आवळता म्हणते, "दादा, चालेल रे मला बारीक. उगाच तमाशा नको." पुढचं काम हातचं जाईल या धास्तीनं ती बोलत होती. ते मला कळत होतं, म्हणून तर जास्त चिडचिड होत होती.

ही मात्र हटली नाही. "दिवे बंद ठेवून जाड दोरावर उडी घ्या. रेघ मी त्याच दिव्यांची, त्याच लेन्सनं वेगळी घेते, काळ्या कापडासमोर. मग उडीवर बसवते."

"चिकटवलेली रेघ कळते हो."

"आधी वाळूच्या पोत्यावर करून दाखवते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या. कळली तर तुमचं खरं."

मी पोतं जाड दोराला बांधून गच्चीवरून सोडलं, त्याचं शूटिंग झालं. खालच्या मजल्यावर सामानाच्या खोलीत काळं कापड लावून गाडीचे काढून आणलेले हेडलाइट पेटवले. हिनं लॅपटॉपवर दोन्ही एकमेकांवर बसवलं. दिग्दर्शक वाकला, बघितलं, आणि मान हलवली. "खोटं वाटतंय."

वाटतच होतं. दिवे नको तितके रेखीव आणि रेघ वरून ओढल्यासारखी. हिचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात दुसरा दोरवाला खाली येऊन पोचल्याचं कळलं. धाकटी बारीक दोराची कडी हातात घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

ही लॅपटॉपला नाक लावून बसली आणि एकदम ताडकन उठली. "अगं बाई, फोकस!"

खोली लहान, दिवे जवळ. कॅमेरावाल्यानं सवयीनं फोकस दिव्यांवर आणला होता. समोर आहे ते स्पष्ट करायचं, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. पण ही लेन्स अशी नखरेल, की फोकस हलला की तिचं दाबणंही बदलतं. गच्चीवर फोकस उडीवर होता, म्हणून मागचे लांबचे दिवे धूसर दिसले असते. "गच्चीवर होतं तितकंच अंतर हवं, फोकसही तोच," ही ओरडली. "दिवे धूसर दिसले तर दिसू देत!"

मग काय, पळापळ. दिवे पार्किंगच्या त्या टोकाला, कॅमेरा या टोकाला, मधल्या उघड्या बाजूंना काळं कापड. लोक जेवून हात धूत होते तेव्हा हिनं लॅपटॉप दिग्दर्शकापुढे सरकवला. त्यानं पाहिलं. मागे नेऊन परत पाहिलं.

"जाड बांधा," तो अखेर म्हणाला.

गाठी मी किती वेळा तपासल्या, देव जाणे. धाकटीनं उडी घेतली, दोर ताणला, ती झुलली आणि गादीवर अलगद टेकली. ही सगळ्यांदेखत भोकाड पसरून रडली. मी तिला धरून उभा राहिलो.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही आईला घेऊन गेलो. पडद्यावर निळी रेघ अशी झळाळली की मीही दचकलो, आणि दोराचा मागमूस नाही. आईनं अंधारातच धाकटीच्या पाठीत धपाटा घातला, "बिनदोराची मारलीस? आणि मला सांगितलंही नाहीस, कार्टे!" आम्ही पोट धरून हसलो.

त्याच आठवड्यात आम्ही जेवायला बसलो असताना धाकटीला फोन आला. हात खरकटा म्हणून तिनं स्पीकर लावला. कुणी नवा दिग्दर्शक होता. "त्या सिनेमात तुम्ही दोराशिवाय उडी मारलीत ना, आम्हाला अगदी तशीच हवी. जमेल?"

मी तोंड उघडलं. धाकटीनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"जमेल," ती म्हणाली.

फोन बंद होताच मी कडाडलो, "अगं, दोर होता म्हणून सांगायला काय जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर काम दुसरीला गेलं असतं, दादा. पडद्यावर दिसतंय तेच त्यांना खरं वाटणार ना?"

मी बायकोकडे पाहिलं. तिच्या ताटातला घास तसाच होता.

"दोर थोडासा तरी दिसू द्यायला हवा होता मी," ती म्हणाली.