सुमनताईंचे साडेतीन ॲम्प्लिफायर

सुमनताईंच्या यजमानांचा, नानांचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या घरी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. "मंगलताई, सुमन गेली," ते म्हणाले. "चहा घेतला, उशीला टेकली, अन् गेली..." पलीकडून गाणं बारीक ऐकू येत होतं. नानांनी विचारलं, "ते ॲम्प्लिफायर चालूच हाय. बंद करू का राहू देऊ, मले समजून नाही राह्यलं." मी म्हटलं, राहू द्या नाना, रेकॉर्ड संपू द्या. देऊळगाव राजाला पोचेपर्यंत मला दुपार झाली. तोवर घर माणसांनी भरलं होतं आणि गाणं बंद झालं होतं. पण बसमध्ये बसल्यापासून मला मनात सारखं वाटत होतं, की आपल्या माणसानं असं गाणं ऐकता ऐकता जावं यात रडण्यासारखं फार नाही. रडू आलंच, ती गोष्ट वेगळी.

सुमनताई आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायच्या. मी धाडच्या शाळेतून बदली होऊन देऊळगावला आले तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या, मी तिशीची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तू मराठीची ना? मंग कान चांगले असतील. रविवारी घरी ये." मला वाटलं कविता ऐकवणार. गेले तर आतल्या खोलीत भिंतीला लागून सागवानी लाकडाचे दोन उभे खोके, मध्ये रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि त्याच्या शेजारी पत्र्याची एक डबडीवजा वस्तू. हा त्यांचा पहिला ॲम्प्लिफायर. जालन्याच्या हमीदभाई नावाच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं सुटे भाग जोडून तो बनवून दिला होता. खोके म्हणजे स्पीकर. ते गावातल्या सुतारानं केलेले, आणि ते त्यांनी आयुष्यात कधी बदलले नाहीत. "गळा चांगला हाय याचा," त्या स्पीकरवर हात ठेवून म्हणायच्या, "छातीत दम पाह्यजे. तो ॲम्प्लिफायरचा." त्या दिवशी त्यांनी एका जुन्या मैफलीची रेकॉर्ड लावली. मला गाणं आवडलं. ताई मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. "गाणारीण ऐकू येते," त्या म्हणाल्या, "पण तिच्या मागं दोन तंबोरे असतील ना? ते कुठं गेले?"

त्या तंबोऱ्यांच्या शोधात दुसरा ॲम्प्लिफायर आला. पुण्यात कुणी निवृत्त साहेब आपला जपानी ॲम्प्लिफायर काढणार असल्याचं ताईंना कळलं. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही दोघी जाऊन तो घेऊन आलो. तो एसटीच्या डिकीत ठेवायला त्या तयार होईनात. गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टर वाकून पाहत म्हणाला, "ताई, लेकरू हाय का?" ताई गंभीरपणे म्हणाल्या, "हाव. बारा किलोचं." "मंग हाफ तिकीट लागते," असं म्हणून त्यानंही तितक्याच गंभीरपणे पंच उचलला, आणि आजूबाजूचे सगळे हसायला लागले. जालना येईपर्यंत मांडी बधिर झाल्यानं ताईंना उतरताना धड उभं राहता येत नव्हतं, पण गठडं माझ्याकडे द्यायलाही त्या तयार नव्हत्या. घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी तारा जोडल्या. तीच रेकॉर्ड लावली. गाणं सुरू व्हायच्या आधीच खोली कशी भरून आली... ताईंनी माझा हात घट्ट धरला. "आले," त्या कुजबुजल्या. तंबोरे आले होते.

नाना तेव्हा ओसरीवर पेपर वाचत होते. नाना मूळचे साखरखेर्ड्याचे, पंचायत समितीत कारकून, बोलणं मोजकं. आतल्या खोलीत ते कधी गाणं ऐकायला आले नाहीत. गल्लीतल्या बायका सुमनताईंना ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या, की बाई पाटल्या करायच्या वयात लोखंडी पेट्या आणून राह्यली. नाना त्यावरही कधी काही बोलले नाहीत. ताईंनी त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या मनानं लावला होता. नाना कचेरीतून आले की त्या आवाज कमी करायच्या. "त्यायले या गोष्टीचा त्रास होते," त्या मला म्हणायच्या. "बोलत नाहीत, चांगला माणूस हाय म्हणून."

मग एकदा फाल्गुनातल्या दुपारी आमच्या गल्लीतल्या खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि घराघरात जास्त दाबाची वीज शिरली. आम्ही शाळेत होतो. घरोघरचे दिवे आधी पांढरेफटक झाले आणि मग फुटले. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा पंखा. ताई घरी गेल्या तर आतल्या खोलीत जळकट वास, आणि ॲम्प्लिफायरच्या जाळीतून धुराची काळी रेघ वर भिंतीपर्यंत गेलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीच्या वर्गात फळ्यावर खांब काढला, तारा काढल्या आणि काल आपल्या गल्लीत नेमकं काय झालं ते पोरांना समजावून सांगितलं. इतका चांगला धडा त्यांनी कधी घेतला नसेल. पण मधल्या सुटीत त्यांनी डबा उघडला नाही. "मंगल, आता पुरे," त्या म्हणाल्या. "नाद सोडला."

आणि खरंच सोडला. महिना-दीड महिना त्या घरात गाणं वाजलं नाही. रविवारी गेले की आम्ही पेपर तपासायचो, चहा घ्यायचो, मी परत यायची. एका शनिवारी त्या शाळेतून घरी गेल्या तर टेबलावरून ॲम्प्लिफायरच गायब. मी मागोमाग वह्या द्यायला गेले तेव्हा घरात पहिल्यांदाच त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "भंगारात दिला? मले न विचारता भंगारात दिला?" नाना ओसरीवर चपला काढत होते. ते शांतपणे म्हणाले, "भंगारात काऊन देईन? जालन्याले दिला. हमीदभाई म्हणे, होते दुरुस्त." नाना त्या दिवशी रजा टाकून, ते बारा किलोचं धूड घेऊन, एकटे बसनं जाऊन आले होते. ताई मला नंतर म्हणाल्या, "मी जेवत नव्हते नीट, म्हणून गेले असतील." नाना त्यासाठीच गेले असं मलाही तेव्हा वाटलं.

ॲम्प्लिफायर आणायला ताई गेल्या, आणि हमीदभाईंच्या दुकानातून लवकर निघाल्याच नाहीत. "ट्रान्सफॉर्मर गया था बाई, बाकी सब सलामत," हमीदभाईंनी सांगितलं. ताईंनी विचारलं, ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात कसा? त्यांनी दाखवलं. मग विचारलं, हा भाग काय करतो, तो कशाला? दुपारी हमीदभाई म्हणाले, "बाई, आप सवाल बहुत पूछते. हातात कैया घ्या." कैया म्हणजे झाळ द्यायचं तापलेलं अवजार. त्या उन्हाळ्यात ताई रोज सकाळच्या बसनं जालन्याला जायच्या आणि चारच्या बसनं परत यायच्या. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बोटांना चटके घेत, त्या झाळकाम शिकल्या. हमीदभाईंच्या दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, ही बाई कोण? ते सांगायचे, "हमारी टीचर हैं, अब हम इनके टीचर हैं."

तिसरा ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः बांधला. त्याला चार-पाच वर्षं लागली, कारण काहीतरी जमायचं आणि काहीतरी बिघडायचं. एकदा त्यातून आकाशवाणीच वाजायला लागली, कुठलंही बटण न दाबता. अखेर तो झाला. दोन वेगळ्या पेट्या, एक आवाज सांभाळणारी आणि एक ताकद देणारी, मध्ये जाड तारा. नेहमीची रेकॉर्ड लावली. तबल्याचा डावा आणि उजवा आता दोन वेगळ्या माणसांसारखे समजत होते. गाणारीचा श्वास ऐकू येत होता. आणि मग एका तानेच्या आधी, डावीकडून, अगदी स्पष्ट... कुणीतरी खोकलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताईंनी सुई मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा खोकला. "अगं, इतकी वर्षं हा माणूस आपल्या घरात खोकून राह्यला," ताई म्हणाल्या, "अन् आपल्याले पत्ताच नाही!" आम्ही इतक्या हसलो की गाणं तसंच पुढे निघून गेलं. पुढे शाळेत कुणी विचारलं, की एवढं करून मिळालं काय, तर ताई ऐटीत सांगायच्या, "खोकला मिळाला."

मी निवृत्त होऊन बुलढाण्याला राहायला आले तशा भेटी कमी झाल्या, फोन वाढले. गेल्या वर्षी ताईंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी पलंगावरून फार उठू नका म्हणून सांगितलं. पलंग आतल्या खोलीत हलवला आणि यंत्रं चालू करायचं काम नानांवर आलं. पहिल्या दिवशी ताईंनी पलंगावरून सूचना द्यायला तोंड उघडलं, तर नानांनी आधी स्टॅबिलायझर, मग पहिली पेटी, मग मिनिटभर थांबून दुसरी, असं सगळं बरोबर केलं. रेकॉर्ड सुरू झाली. नाना दारात उभे राहिले आणि म्हणाले, "उजवीकडून जरा कमी येऊन राह्यलं." ताईंनी लक्ष देऊन ऐकलं. खरंच कमी येत होतं, केसभर. "तुम्हाले समजते?" "समजते म्हणजे? तीस वर्षं ओसरीवर बसून ऐकूनच राह्यलो ना. मी घरी आलो की तू आवाज कमी काऊन करते, तेवढं मात्र मले कधी समजलं नाही."

ताईंनी लगेच मला फोन लावला. आधी नुसत्या हसत होत्या. मग म्हणाल्या, "मंगल, त्यायले वाटलं ही खोली माझी हाय, बोलावल्याबिगर कसं यावं! अन् मले वाटलं त्यायले त्रास होते! आम्ही दोघं किती येडे असू सांग बरं." नाक पुसल्याचा आवाज आला, आणि त्या पुन्हा हसायला लागल्या. त्यानंतरचे आठ-नऊ महिने दोघांनी मिळून ऐकलं, भरपूर आवाजात. नाना पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसायचे. मी दोनदा गेले, तर दोन्ही वेळा दोघं तबल्यावरून भांडत होते.

शेवटचा अर्धा ॲम्प्लिफायर मला माहीत नव्हता. ताई गेल्यानंतर महिनाभरानं नानांचा फोन आला, "मंगलताई, या. काम हाय." गेले तर टेबलावर एक उघडा सांगाडा, त्यावर जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह, खाली तारांचं जाळं. ताईंनी पडल्या पडल्या आराखडा काढून, हमीदभाईंकडून सामान मागवून, हा सुरू केला होता. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी जोडणं थांबवलं आणि लिहायला घेतलं. सांगाड्यावर जागोजागी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. फळ्यावरचं तेच सुवाच्य अक्षर. "१. लाल तार इथे." "२. झाळ देताना फुंकर मारू नये." "७. चालू असताना हात लावाल तर माझ्याकडे याल. इतक्यात नको." नाना रोज एक पट्टी करत होते. कैया धरायला हमीदभाईंनी शिकवलं, बोटावरचे चट्टे त्यांनी मला कौतुकानं दाखवले.

"१३. हमीदभाईंना दाखवावे." ते झालं होतं. चौदावी पट्टी नानांनी मला वाचायला लावली. "मंगलला बोलवा. मग चालू करा."

नानांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. मग डाव्या खोक्यातून गाणं यायला लागलं, नुसत्या डाव्याच, पण असं, की नाना मटकन खुर्चीवर बसले आणि "वा" म्हणाले. उजवा खोका गप्प होता. कितीतरी वेळ आम्ही तसंच ऐकलं. रेकॉर्ड संपल्यावर नाना उठले, चष्मा पुसला, आणि पंधरावी पट्टी बोट ठेवून मोठ्यानं वाचली.

"आता उजवी बाजू. सगळे डावीसारखेच. घाई करू नये."