आधी पेशंटला ऐकवा

आमच्या नर्सिंग कॉलेजात बिलकिस शेख मॅडमचा शुक्रवारचा तास कवितेचा. वर्षानुवर्षं वॉर्डात राबून शिकवायला आलेली ही बाई. मी औषधं शिकवते. मला ही सगळी थेरं वाटायची. मुलींनी आपल्या पेशंटवर चार ओळी लिहायच्या, त्यात आजाराचं नाव नको, खाटेचा नंबर नको. आणि वर्गात वाचण्याआधी त्या पेशंटलाच ऐकवायच्या. तो "असं नाही गं बाई" म्हणाला, की ओळ खोडायची. पहिल्या वर्षाच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. पुढे त्याच मुली सलाइन लावताना पेशंटशी नाव घेऊन बोलायच्या, हे मात्र मला मान्य करावं लागलं.

यंदा मॅडमचे यजमान शहाबाजभाई आमच्या मुली काम करतात त्याच वॉर्डात दाखल झाले. बुधवार पेठेत मिक्सर, रेडिओ दुरुस्त करणारा, मितभाषी माणूस. कॅन्सर पोटात सगळीकडे पसरला होता. मॅडमनी आम्हा सगळ्यांना बजावलं, "त्यांना अल्सरच सांगायचं. खचतील हो ते." रोज उशाशी बसून त्या ईदच्या शीरखुर्म्याचे बेत रचायच्या आणि बाहेर येऊन जिन्यात रडायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि आतडंही तुटायचं.

एका शुक्रवारी मीही त्या तासाला मागच्या बाकावर बसले होते, तेव्हा निकिता कांबळे वाचायला उठली. वॉर्डात शहाबाजभाईंचं सगळं तीच करायची. "त्यांना ऐकवलंय, मॅडम. म्हणाले, वर्गात वाच, पण मॅडम असतानाच."

"ती म्हणते, ईदला घरी असाल.
मी म्हणतो, खारीक जरा कमी घाल.
मला कळलंय, हे तिला कसं सांगू?
हसतेय बिचारी, कशाला रडवू?"

मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग तास अर्धवट टाकून वॉर्डाकडे निघाल्या. मीही मागोमाग गेले.

शहाबाजभाई जागेच होते. मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. ईदचं नाव काढलं नाही. त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "भीती वाटते का हो?"

"वाटते ना," ते म्हणाले. "कधीपासून वाट बघतोय, तू विचारशील म्हणून."